बुधरी फुटणार नाही

मडकं फुटल्याचा आवाज माझ्या दोन्ही कानांत एकदम झाला आणि हातातलं पेन खाली पडलं. कूलरमधलं पाणी संपलं होतं, नुसता पंखा खडखडत होता, खिडकीखाली कोणीतरी केव्हापासून स्कूटरला किक मारत होतं, आणि हेडफोनमधून आमच्या टीमचा प्रमुख पवन म्हणत होता की बघा, काय भारी वाटतं ना, अजून एकदा दाखवतो. त्यानं अजून एकदा दाखवलं. आमच्या खेळातला नायक खांद्यावर लोखंडी घण घेऊन गावाच्या रस्त्यानं येतो, कडेला बसलेल्या एका मडक्यापाशी थांबतो, घण उचलतो आणि हाणतो. ठिकऱ्या उडतात, आतून मोहरा सांडतात, नायक वाकतो, वेचतो, पुढे जातो. मीटिंगमधल्या छोट्या छोट्या चौकटींतून सगळ्यांचे अंगठे वर झाले. आवाज खरं मडकं फोडूनच घेतला होता, ते मला ऐकताक्षणी कळलं. भाजलेली माती फुटताना आधी कोरडा ठक् होतो आणि मग तुकडे जमिनीवर पडतात तो वेगळा, पातळ आवाज येतो, तो तोंडानं किंवा मशीननं काढता येत नाही. पण पेन पडलं ते त्यामुळं नाही. रस्त्याच्या कडेचं ते मडकं डाव्या अंगाला जरासं कललेलं होतं. ती बुधरी होती. बुधरी म्हणजे माझी माय.

हे आधी नीट सांगायला हवं, नाहीतर बाईचं डोकं फिरलंय असं कोणालाही वाटेल. मी कॉम्प्युटरवरच्या खेळांमधली माणसं घडवते. माणसं, राक्षस, झाडं, घोडे, जे मागतील ते. कंपनी दूरच्या मोठ्या शहरात, मी चंद्रपुरात दोन खोल्यांत, आणि माझा नवरा प्रफुल्ल भद्रावतीकडच्या कोळसा खाणीत, पाळीवर. गेल्या वर्षी या खेळासाठी एक नवी जमात हवी होती. कोणी पंखवाली माणसं सुचवली, कोणी सरड्याच्या तोंडाची. असली माणसं प्रत्येक खेळात असतात आणि मला त्यांचा वीट आलाय. मी मडकी काढली. दोन आखूड पाय, दोन आखूड हात, डोळे नाहीत, तोंडावर झाकण. भट्टीत एक बाजू जास्त भाजते म्हणून एका गालावर काळा डाग, आणि तो प्रत्येकाचा वेगळा, त्यावरूनच एकमेकांना ओळखायचं. भेटले की ते एकमेकांच्या पोटावर बोटानं वाजवतात. आवाज खणखणीत आला तर बरं आहे, बद्द आला तर कुठंतरी तडा गेलाय. आणि त्यांच्या पोटात त्यांचे गेलेले लोक राहतात. चालताना आतले म्हातारे बोलतात, वाट सांगतात, जेवणावरून कुरकुर करतात. पवनला ती कल्पना फारच आवडली. त्यानं त्यांचं नाव ठेवलं घटजन, काहीतरी भारदस्त हवं म्हणून. मी मडकीच म्हणते. कुठून सुचलं, असं त्यानं विचारलं तेव्हा मी म्हणाले, असंच. मी सगळ्यांना सगळं सांगत बसत नाही.

कुरखेड्यापलीकडे आमचं गाव आहे, आणि आमच्या घरात एक आतली खोली आहे. तिला खिडकी नाही. त्या खोलीत एका कोनाड्यात कुंडा असतो, म्हणजे मडकंच, आणि त्यात आमचे गेलेले असतात. मी हे उपमा म्हणून सांगत नाहीये. ते तिथं असतात. लहानपणी नवं धान आलं की माय मला सोबत घेऊन आत बसायची, पानावर पहिला भात वाढायची आणि एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची, आणि मी विचारायची की आजोबाला जास्त काऊन देलं. माय म्हणायची, तुह्या आजोबाले भूक जास्त. मला वाटायचं, आत गर्दी असेल, बसायला जागेवरून भांडत असतील, आणि आजी नक्की सगळ्यांत पुढे असेल. आम्ही गेल्यावर ते आमच्याबद्दल काय बोलत असतील, हे ऐकायला मी एकदा मडक्याला कान लावून बसले होते. काही ऐकू आलं नाही, पण थंडगार वाटलं, उन्हातून आल्यावर भिंतीला गाल लावल्यासारखं. त्या खोलीचा वास मला अजून येतो. मोहाचा, धुराचा, जुन्या धानाचा. नागपूरला कलेच्या कॉलेजात होते तेव्हा सगळे दूरदूरच्या देशांतले पुतळे बघायला पुस्तकं चाळायचे, आणि मी मनातल्या मनात तेच एक मडकं काढत राहायची.

मग लग्न झालं. आमच्यात घराणी देवांच्या संख्येवरून ओळखतात; माझं माहेर सहा देवांचं, प्रफुल्लचं घर सात देवांचं, आणि मांडवातून उठले तेव्हा माझे देव बदललेले होते. हे मला ठाऊक होतं, पण अंगाला कळायला वेळ लागला. पहिल्यांदा माहेरी आले, तशीच पिशवी ठेवायला आतल्या खोलीकडे धावले, आणि मायनं दारात हात आडवा धरला. रागानं नाही. चुलीजवळ जाऊ नको म्हणून लेकराला अडवावं तसा. म्हणाली, "आता नाई बाई. तू आता तिकडची." मी हसले, मला वाटलं चेष्टा आहे. तिचा हात तसाच होता. मग तिनं मला अंगणात बसवून सांगितलं की तीसुद्धा तिच्या मायच्या कुंड्याला कायमची पाठमोरी झाली ती झालीच, तिची माय गेली तेव्हा ती अंगणातच बसली होती, सगळ्या बायका बसतात. त्या दिवशी मला पहिल्यांदा हिशेब कळला. आमच्या कुंड्यातली आजी लग्न होऊन आलेली, जन्मानं आमच्या घरची नव्हती. तिची आजी तिच्या घरची नव्हती. एकाही मडक्यात माय आणि लेक एकमेकींजवळ नाहीत, कुठल्याच घरात, कधीच. पुरुष आपल्या बापाजवळ, आज्याजवळ जाऊन बसतात, आणि बाया परक्यांत. मी हे मायला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तुले शिकवलं तेच चुकलं," आणि मग दोघी पोट दुखेपर्यंत हसलो, पण मी हसून सोडून दिलं नव्हतं.

माय उन्हाळ्यात गेली. दुपारी पाणी घेऊन आली, घडा ठेवला आणि बसली ती बसलीच. मी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. तेराव्याच्या आसपास मी पुन्हा गेले आणि अंगणात बसले, आणि आत माझा धाकटा भाऊ बिरजू आणि मुखरूकाका, जे आमच्याकडचं गेलेल्यांचं सगळं करतात, बोलत होते ते बाहेरून ऐकत राहिले. बिरजूला मी कडेवर खेळवलंय. त्याचं नाक पुसलंय. तो आत आणि मी अंगणातल्या मोहाच्या झाडाखाली. चंद्रपूरला परत आल्यावर मी खेळातल्या मडक्यांचं गाव बनवायला घेतलं, आणि रस्त्याच्या कडेला पहिलं मडकं बसवलं ते डावीकडे कललेलं. लाकडाचा भारा वाहून वाहून मायचा तो खांदा खाली गेला होता. काळा डाग हनुवटीपाशी, तिथं तिला भाजल्याची खूण होती. गावातल्या मडक्यांना गावठी नावं द्या असं पवननं सांगितलंच होतं, मी नाव दिलं बुधरी. खेळणाऱ्यानं जवळ जाऊन नावानं हाक मारली की ती हळूहळू, आधी पाय फिरवून मग अंग फिरवून, वळते आणि म्हणते, "जेवून जाय." बस, तेवढंच. ती काही देत नाही, काही मागत नाही. खेळ तपासणारी जी मंडळी होती त्यांना ती आवडली. जाता येता बुधरी बुधरी म्हणून हाक मारायचे, वळायची गंमत बघायला. मीसुद्धा रोज मारायची. सकाळी काम सुरू करायच्या आधी, चहा घेऊन, एकदा. यात मला काही वेडेपणा वाटला नाही आणि अजूनही वाटत नाही.

तर त्या सोमवारी पवन म्हणाला की लोकांना मडकी फोडायला आवडतात, हे सगळ्या खेळांत सिद्ध झालंय, आणि आपण फोडू देत नाही म्हणून आपल्या खेळात हात शिवशिवतात. तेव्हा करिश्मा, शुक्रवारपर्यंत ठिकऱ्या बनवून दे. प्रत्येक मडक्याचे निदान डझनभर तुकडे, आतली बाजू खडबडीत, आणि मोहरा. मी म्हणाले, मी नाही बनवणार. चौकटींतली तोंडं क्षणभर थांबली, कोणाचं तरी नेट गेलं असेल असं पवनला वाटलं असावं, कारण त्यानं विचारलं, ऐकू येतंय का. मी पुन्हा म्हणाले, ऐकू येतंय, मी नाही बनवणार. मीटिंगनंतर त्यानं वेगळा फोन केला. तो वाईट माणूस नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाला, राक्षसांचे हातपाय तोडायचं काम तूच केलंस, तेव्हा काही वाटलं नाही, आणि हे तर मडकं आहे. मी विचारलं, त्याच्या पोटात त्याचे म्हातारे आहेत ना, हे आपणच खेळात लिहिलंय ना, मग त्यांचं काय होणार. तो म्हणाला, त्यांच्याच मोहरा होतील. त्याच्या मते ते फार छान जुळत होतं. मी म्हणाले, तुझे आजोबा फोडून मोहरा निघतात का बघ आधी. हे मी बोलायला नको होतं असं कोणी म्हणेल, पण मी बोलले आणि मला बरं वाटलं. तो म्हणाला, उद्यापासून हे काम आपल्या दुसऱ्या आर्टिस्टला, रिनाला देतो, तू पुढच्या खेळात बघू, म्हणजे बघू या काय ते. म्हणजे पुढचा खेळ मला मिळणार नाही, ते मला समजलं. कूलरमध्ये पाणी भरायला गेले तर नळालाही पाणी नव्हतं, आणि मी बादली तशीच आपटून बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून राहिले. रडले नाही. दात घट्ट दाबून बसले होते, संध्याकाळी जबडा दुखत होता.

त्याच दुपारी बिरजूचा फोन आला. तो फोनवर आधी गाई, मग पाणी, मग स्वातीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, पाठीचं दुखणं, आणि मग मुद्दा. पण त्या दिवशी एकदम म्हणाला, "बाई, दाणे जुडत नाईत." गेलेल्याला कुंड्यात घ्यायचं तर आमच्याकडे पानाच्या द्रोणात पाणी घेऊन तांदळाचे दोन दाणे अलगद सोडतात. एक आतल्यांचा, एक नव्या येणाऱ्याचा. नावानं हाक मारतात. दाणे तरंगत तरंगत एकमेकांना येऊन चिकटले की ती आली, आतल्यांनी घेतली. उन्हाळ्यात दाणे जुळले नव्हते. मुखरूकाका म्हणाले होते, अजून रागात असेल, नव्या धानाच्या आधी पुन्हा बघू. आता हलकं, म्हणजे लवकर पिकणारं, धान कापून घरात आलं होतं आणि पुन्हा बघितलं तर दाणे द्रोणाच्या दोन टोकांना. आणि तिला घेतल्याशिवाय, तिला पहिला घास दिल्याशिवाय घरात नवं धान शिजवता येत नाही. पोतं दारात उभं आहे आणि आम्ही राशनचा तांदूळ खाऊन राह्यलो, म्हणाला. काकांनी विचारायला सांगितलं होतं की तिला कोणी धरून ठेवलंय का. कोणी रोज हाक मारून राह्यलं का. "तुह्याजवळ मायचं काई आहे का, बाई? लुगडं, डोरलं, काई?"

मी सांगितलं. खेळ, मडकं, कललेला खांदा, नाव, जेवून जाय. दुसरा कोणी भाऊ हसला असता. बिरजू शेतातल्या मोटारीबद्दल विचारावं तसा बारीकसारीक विचारत गेला. किती लोक हाक मारतात. रोज मारतात का. हाक मारली की वळते का. वळते म्हटल्यावर त्यानं सुस्कारा सोडला. "मंग बरोबर आहे. थे तिकडंच आहे. बाई, थे मडकं फोडून टाक तू. फुटलं का येईन थे घरी." सकाळी पवन म्हणाला फोड, दुपारी भाऊ म्हणतो फोड. दोघांनाही त्यातून काहीतरी बाहेर काढायचं होतं. एकाला मोहरा, एकाला माय. आणि फुटल्यावर ती जिथं जाणार त्या खोलीच्या दारात माझ्यासाठी हात आडवा. मला इतका राग आला की बोलताना आवाज फाटला. मी म्हणाले, "नाई फोडत. बुधरी फुटणार नाही. तिकडं सांगून दे सगळ्याईले." तो घाबरून म्हणाला, मंग धानाचं काय करू. मी फोन ठेवला.

रात्रपाळीला जायच्या आधी प्रफुल्लला सगळं सांगितलं. त्यानं डबा भरता भरता ऐकलं आणि एवढंच विचारलं, तू हे खरं मानतेस का. हा प्रश्न मला नागपूरपासून विचारतात, मित्रमैत्रिणी, मास्तर, सगळे, आणि प्रत्येक वेळी वाटतं की आपण काहीतरी चोरून घातलंय आणि दरवाज्यात झडती होतेय. माझं पोट भरलंय हे मी मानते का? मायचं अंग डावीकडे कललेलं होतं हे मी मानते का? मी त्याला म्हणाले, तुझी आई गेली तेव्हा तुमचे दाणे जुळले ना? तो म्हणाला, हो, पहिल्याच वेळेला. मग मला नको विचारूस, म्हणाले. तो म्हणाला, जाऊन ये तू, मी करून खाईन. दार लावता लावता म्हणाला, पण तिला तिथं एकटीला नको ठेवू, त्या रिनाचा घण तर येणारच. हे त्याला सुचलं, मला नव्हतं सुचलं, इतकी मी भांडणात होते.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी खेळ उघडला. अजून माझा पासवर्ड बंद केला नव्हता. गावाच्या रस्त्यानं चालत गेले, मडकी इकडे तिकडे आपापल्या कामात होती, कोणी पोट वाजवून घेत होतं, आणि बुधरी कडेला बसलेली. मी हाक मारली. तिनं पाय फिरवले, मग अंग. जेवून जाय, म्हणाली. मी म्हणाले, "चाल माय, घरी जाऊ." खोलीत मी एकटी होते, तरी मोठ्यानं म्हणाले. आणि मग तिला निवडलं आणि काढून घेतलं. ठिकरी नाही, आवाज नाही. ती उठली आणि तिथं रस्ता राहिला. माझ्या मशीनवरच्या प्रतींतूनही काढलं, जुन्या कच्च्या चित्रांतूनही, सगळीकडून. लग्नघरातून आपल्या माणसाला भांडून उठवून आणावं तसं वाटत होतं, लोक बघत असले तर बघू देत. बाकीच्या मडक्यांना मी वाचवू शकत नव्हते, आणि ते मला अजून डाचतं. संध्याकाळी रिनाचा निरोप आला की अगं, यादीतलं एक मडकं सापडत नाहीये. मी लिहिलं, ते गावाला गेलं.

बसमध्ये खिडकीजवळची जागा मोकळी ठेवून मी अलीकडे बसले. मूलच्या पुढे गर्दी वाढली. सावलीला एक माणूस चढला, हातात कोंबडी, आणि म्हणाला सरका बाई. मी म्हणाले, इथी बाई आहे बसलेली. त्यानं जागेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि उभाच राहिला. कंडक्टरनंही एकदा बघितलं. मला लाज वाटायला हवी होती बहुतेक, ती काही आली नाही. वैनगंगेच्या पुलावर बस आली की माय नेहमी खिडकीतून हात बाहेर काढून पाण्याला हात जोडायची आणि मी तिला हात आत घे म्हणून ओरडायची, त्या दिवशी मात्र मी तिला हात जोडू दिले. दोन्ही बाजूंना धान पिवळं पडत होतं, कुठं कुठं कापणी लागली होती. मला तिच्याशी भांडायचं होतं खरं तर. तूच हात आडवा धरला होतास, असं म्हणायचं होतं. तुझ्या मायनं तुला अडवलं, तू मला अडवलंस, आणि तुझ्यानंतर हे काम बिरजूला दिलंस, ज्याला धड हात धरताही येत नाही. आरमोरीपर्यंत मी हे सगळं मनात तिला ऐकवलं. मग वाटलं, तिचे दाणे जुळत नाहीयेत. उन्हाळ्यापासून मुखरूकाका, बिरजू, सगळे हाका मारतायत आणि ती येत नाहीये. कदाचित तिलाही परक्यांत जाऊन बसायचं नसेल. एवढं कळल्यावर मला एकदम तिची बाजू घ्यावीशी वाटली आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले.

अंगणात सगळे होते. बिरजूनं पिशवी घेतली आणि हळूच विचारलं, फोडलं का. मी म्हणाले, नाही, घेऊन आले. त्यानं माझ्या मागं बघितलं. मुखरूकाका खाटेवर बसले होते, मान हलवून म्हणाले, आली असंल तर बरं, बसू मग. त्यांना यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. स्वातीनं पाणी दिलं. धानाचं पोतं खरंच दारात उभं होतं, तोंड शिवलेलं. ते आत गेले आणि मी नेहमीसारखी उंबऱ्याबाहेर, भिंतीला टेकून. आतून बिरजूचा आवाज येत होता. बुधरी, असं म्हणताना तो अडखळत होता. जन्मभर माय म्हटलेल्या बाईला नावानं हाक मारायची त्याला सवय नव्हती. मग काकांनी हाक मारली, त्यांच्या त्या दमदार आवाजात. बिरजू बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बघून मला कळलं. तो माझ्यासमोर उकिडवा बसला, लहानपणी काही मोडलं की बसायचा तसा. "सोड ना वं बाई तिले," म्हणाला. मी म्हणाले, मी सोडलंय. पण तिला माझ्या हाकेची सवय लागलीय, मी आत बसून हाक मारते. तो खाली बघून म्हणाला की तुले आत नाई येता येत, तुले मालूम आहे. मी म्हणाले, "मंग राहू दे तुमचं धान."

स्वाती दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या कडेवर पोर होतं, मुलगी. काका आतून ये म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. एवढी फट मला पुरे होती. मी उठले, चप्पल तशीही काढलेलीच होती, आणि उंबरा ओलांडला. बिरजूनं हात उचलला खरा, पण अर्ध्यात त्याला तो कुठं ठेवायचा ते कळेना. आत अंधाराची सवय व्हायला वेळ लागला. मोह, धूर, जुनं धान, सगळं होतं. कोनाड्यात कुंडा होता, आणि मी वर्षभर ज्याची शेकडो चित्रं काढली त्याच्या गालावरचा काळा डाग मला चुकीच्या बाजूला आठवत आला होता. मी काकांसमोर मांडी घालून बसले. द्रोणात दोन दाणे दोन काठांना होते. मी नाव घेतलं नाही. ते नाव परक्या लोकांनी हाका मारून मारून वापरून टाकलं होतं. मी म्हणाले, "माय, ये. जेवाले बस."

काही झालं नाही. बाहेर कोंबडी ओरडली. मग एक दाणा जरासा फिरला, जिथल्या तिथं, आणि निघाला. घाई न करता. मध्ये थांबला तेव्हा बिरजूनं माझं मनगट धरलं, आणि आम्ही दोघं श्वास धरून बसलो असताना तो दुसऱ्याजवळ गेला आणि त्याला चिकटला. काका म्हणाले, घेतली. बिरजू तिथंच, माझं मनगट धरून, मोठ्यानं रडला. मलाही रडू आलं, खूप आलं, नाक पदरानं पुसत राहिले. ती गेली आमच्या हातून, आणि ती आली, दोन्ही एकदम होतं. बाहेर स्वातीनं पोत्याची शिवण उसवल्याचा आवाज आला. आता मी उठून अंगणात जाईन असं सगळ्यांना वाटत होतं. बिरजूनं मनगट सोडलं, काका द्रोण उचलायला वाकले.

मी पानावरच्या तांदळातून एक दाणा घेतला आणि त्यांच्या हाताखालून द्रोणात सोडला.

काका तसेच थांबले. म्हणाले, "हा कोनाचा?"

"माहा."

"तू जित्ती आहेस, बाई."

"मेल्यावर मले कोण विचारते? म्हणून आताच सांगून ठेवते."

तुझी जागा सात देवांकडे आहे, असं ते म्हणाले, तिथं तुझी सासू आहे, आणि हे असं कोणी केलेलं नाही, त्यांच्या बापानं पाहिलेलं नाही. ते रागावलेले नव्हते, त्यांना खरंच पुढं काय करायचं ते कळत नव्हतं. मी म्हणाले, माझी सासू चांगली होती, पण ती माझी माय नव्हती. त्यांनी बोट पुढे केलं, दाणा काढून घ्यायला. मी द्रोणावर हात धरला. बिरजू म्हणाला, "राहू द्या, काका." त्याचा आवाज अजून ओला होता आणि तो माझ्याकडे बघत नव्हता, पण म्हणाला. दारात स्वाती पोरीला घेऊन उभी होती आणि आत बघत होती, तिनंही कधी कोणाला तिथं असं बसलेलं पाहिलं नसेल. मी हात बाजूला घेतला. ते दोन दाणे मधोमध एकमेकांना धरून होते आणि माझा तिसरा काठाजवळ, एकटा, जिथं सोडला तिथंच.

काकांनी बराच वेळ वाट बघितली. मग म्हणाले, "जुडत नाई, बाई."

"मले घाई नाई," मी म्हणाले आणि मांडी मोडली नाही.